घर व्यक्तीला हवे, कुटुंबाला नव्हे

मुंबई-ठाण्यात भाड्याने घर शोधायला निघालात की एजंट तीन गोष्टी तपासतो. पहिली, पूर्ण नाव. म्हणजे खरे तर आडनाव. दुसरी, "फॅमिली आहे का?" तिसरी गोष्ट तो विचारत नाही, नुसती बघतो. माणूस कसा चालतो, हातात काठी आहे का, बगलेत कुबडी आहे का, व्हीलचेअर आहे का.

पहिल्या प्रश्नाशी आपला समाज शंभर वर्षे भांडतो आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर आपण गप्प आहोत. ज्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'चुकीची' द्यावी लागतात, तो माणूस आपल्याच वस्तीतला असतो. पण घरांसाठी आपण जे मोर्चे काढतो, जी निवेदने देतो, त्यांत तो कुठेही नसतो. हा लेख त्याच्या आणि तिच्या घराबद्दल आहे. जो समलिंगी किंवा बायसेक्शुअल आहे, अपंग आहे, आणि ज्याला कुणाच्या उपकारावर नव्हे तर हक्काने छप्पर हवे आहे.

आधी एका शब्दाबद्दल. आम्ही 'दिव्यांग' लिहिणार नाही, अपंग लिहू. ज्यांना माणूस म्हणून वागवायचे नव्हते त्यांना एकेकाळी 'हरिजन' म्हटले गेले. देवाचे नाव चिकटवले की माणसाचे हक्क द्यावे लागत नाहीत, ही युक्ती आपल्या समाजाने तेव्हाच ओळखली आणि ते नाव धुडकावले. २०१५ साली पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणा असे सांगितले, तेव्हा आम्हाला तीच युक्ती आठवली. जिन्याला कठडा द्यायचा नाही आणि शरीराला दिव्य म्हणायचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

आता एक प्रत्यक्ष गोष्ट. आमच्या एका कार्यकर्त्यासाठी आम्ही घर शोधत होतो. मूळचा मराठवाड्यातला, बौद्ध. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर आणि हातात कुबडी. मुंबईत एका कचेरीत कारकून. त्याचा जोडीदार ओबीसी समाजातला, मेडिकलच्या दुकानात काम करणारा. सहा वर्षे दोघे एकमेकांना सांभाळून आहेत.

पहिल्या ठिकाणी आडनाव ऐकून एजंट म्हणाला, "मालक व्हेज फॅमिली बघतायत." दुसऱ्या ठिकाणी, "दोन पोरं? सोसायटी बॅचलर घेत नाही भाऊ. लग्न झालं की या, नक्की देतो." तिसऱ्या इमारतीला लिफ्ट होती. तिथल्या सेक्रेटरीने कुबडीकडे बघून आम्हाला बाजूला घेतले आणि म्हणाला, "उद्या पडलेबिडले तर सोसायटीच्या गळ्यात यायचं." शेवटी एका जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. दोघांनी स्वतःला मावसभाऊ म्हणवून घेतले, कारण मावसभावांची आडनावे वेगळी असू शकतात. पायऱ्या अडतीस. आमचा मित्र कामाला जाण्यापुरता उतरे. रविवारी विहारात येणे त्याने सोडून दिले. अकरा महिन्यांनी करार संपला तेव्हा घरमालक म्हणाले, "आता लग्नाचं बघा, मग बघू." सामान पुन्हा टेंपोत.

यात कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. सगळे गोड बोलले. तरीही एका माणसाला एकाच शहरात तीन वेगवेगळ्या कारणांनी घर नाकारले गेले, आणि तिन्ही वेळा त्याला जाब विचारायला जागा नव्हती.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला १९१७ सालचा बडोद्याचा प्रसंग आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, बडोदे सरकारचा अधिकारी, आणि राहायला खोली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्रानेही घरात घेतले नाही. शेवटी बागेतल्या झाडाखाली बसून ते रडले. आपण त्या जागेला संकल्पभूमी म्हणतो, तिथे जाऊन नतमस्तक होतो.

आम्ही आपल्याच लोकांना विचारतो, त्या प्रसंगाचा अर्थ आपण काय घेतला? एका महापुरुषाचा अपमान झाला, एवढाच? की खोटे नाव घेतल्याशिवाय ज्याला छप्पर मिळत नाही, त्या प्रत्येकाच्या बाजूने उभे राहायचे? आमचा मित्र खोटे नाते सांगून राहिला. बाबासाहेब खोटे नाव सांगून राहिले. उघडकीस येण्याची धास्ती तीच, रात्री दाराच्या आवाजाने दचकणे तेच. फरक इतकाच की बडोद्याच्या लाठ्यांना आज सोसायटीचा नियम म्हणतात.

दुसरी गोष्ट एका बाईची आहे, आणि ती जास्त अवघड आहे. जन्मापासून दृष्टिहीन, वय तिशीच्या पुढे. जिल्ह्याच्या गावी भावाच्या घरात राहते. घर रमाई आवास योजनेतले, आईच्या नावावर. निराधार योजनेचे पैसे तिच्या खात्यात येतात, पासबुक भावाकडे. तिची एक मैत्रीण होती, शाळेत शिक्षिका. या दोघींचे नाते घरात कळले त्या दिवशी मैत्रिणीचे येणे बंद झाले आणि हिचा मोबाईल काढून घेतला गेला. भाऊ वाईट माणूस नाही. तो रोज तिला दवाखान्यात नेतो, तिच्या पोळीला तूप लावून देतो. तो फक्त एक वाक्य बोलतो, "जायचं तर जा, पण तुला बघणार कोण?"

या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. डोळस, धडधाकट समलिंगी मुलगी निदान बॅग उचलून रात्रीच्या एसटीत बसू शकते. तेही सोपे नाही, पण शक्य आहे. हिला त्या घराच्या उंबऱ्यापासून मोरीपर्यंत किती पावले हे पाठ आहे. नवे घर म्हणजे नवी पावले, नवा रस्ता, आणि ते शिकेपर्यंत सोबत देणारे माणूस. ते माणूस आज फक्त कुटुंबात मिळते. ज्या हाताने आंघोळीचे पाणी दिले जाते त्याच हाताने दाराला कडी घातली जाते. अपंग माणसाला सेवा आणि छप्पर एकाच ठिकाणी बांधून दिले आहे. त्यामुळे त्याने प्रेम कुणावर करायचे हेही तेच घर ठरवते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. या देशात घर व्यक्तीला मिळत नाही, कुटुंबाला मिळते. आणि कुटुंब म्हणजे काय, हे जातीने आणि लग्नाने आधीच ठरवून ठेवले आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाला राज्यकारभाराचा पाया करण्याची मागणी झिडकारली आणि मसुद्याने व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. आपण हे भाषण गावगाड्याविरुद्ध वापरतो, ते बरोबरच आहे. पण गाव हटवून व्यक्ती आणायची तर मध्ये कुटुंब उभे आहे, हे आपण बघत नाही. आता कायदे एकेक करून उघडून बघा.

प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या त्याच्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळतो. वीस वर्षे एका खोलीत राहिलेला समलिंगी जोडीदार त्या कुटुंबात बसतो, असे कायदा कुठेही म्हणत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सहकार कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात सहयोगी सदस्य कोण होऊ शकतो याची यादी दिली आहे. पती, पत्नी, आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे-भाचे. जावई चालतो, भाचा चालतो, पण ज्याच्या खांद्याला धरून अपंग माणूस रोज अंथरुणातून उठतो तो चालत नाही. राहते घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. तेच घर एका पुरुषाने आपल्या पुरुष जोडीदाराला दिले तर बाजारभावाच्या टक्केवारीने लाखो रुपये. नात्याची किंमत सरकार कशी करते, हे या आकड्यांत दिसते.

कुणी म्हणेल, कलम ३७७ तर गेले. हो, ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण खोलीत काय करता याबद्दल पोलीस पकडणार नाहीत, एवढेच त्यातून मिळाले. खोली मिळाली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि तपशील केंद्राच्या समितीवर सोडले. त्यानंतर २०२४ साली केंद्राने राज्यांना कळवले की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले समजावे. संयुक्त बँक खात्यालाही आडकाठी नाही असे स्पष्ट केले. म्हणजे गहू-तांदळासाठी हे दोघे एक घर आहेत आणि प्रत्यक्ष घरासाठी परके आहेत. ज्या चुलीवर रेशनचा तांदूळ शिजवायचा ती चूल मांडायची कुठे?

आता अपंगांचा कायदा बघा. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा कागदावर चांगला आहे. कलम ५ म्हणते की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिच्यावर एखादीच राहण्याची व्यवस्था लादली जाऊ नये, यासाठी सरकारने प्रयत्न करावा. घरात आणि वस्तीत आधारसेवा, वैयक्तिक मदतनीस, हेही त्यात लिहिले आहे. कलम ३७ घरांच्या योजनांत ५ टक्के राखीव जागा देते. कलम ४४ म्हणते की सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकामाला परवानगीच देऊ नये. मग अडते कुठे? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगम्यतेचे निकष हे सल्ले नसून सक्तीचे असले पाहिजेत, आणि केंद्राला तसे नियम करण्यासाठी तीन महिने द्यावे लागले. कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे होत आली होती. राखीव घर मिळालेच तरी ते बहुतेक वेळा कुटुंबाच्या नावाने वापरले जाते. आणि मदतनीस? त्याचा पगार द्यायची व्यवस्था कुठल्या गावात आहे, ते दाखवा. तो पगार नाही म्हणूनच 'तुला बघणार कोण' हे वाक्य इतके जड आहे.

या माणसाला जातीवरून घर नाकारले तर त्याच्या हातात काही तरी आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे गुन्हा ठरवतो. घरातून हुसकावण्याविरुद्ध ॲट्रॉसिटी कायदा आहे. ते अंमलात येत नाहीत, ही वेगळी लढाई. पण 'तू गे आहेस म्हणून खोली देत नाही' असे खासगी घरमालक तोंडावर म्हणाला तर त्याला गुन्हा म्हणणारे एकही कलम नाही. मग हुशार घरमालक काय करतो? जात मनात ठेवतो आणि तोंडाने 'बॅचलर नको' म्हणतो. म्हणजे दुसऱ्या दाराला कुलूप नाही, तोवर पहिल्या दाराचे कुलूपही कुचकामी आहे. दिल्ली आणि परिसरातल्या भाड्याच्या घरांवर सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात फोनवरून विचारणा करणाऱ्या दलितांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुसलमानांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना सरळ नकार मिळाला होता. इतर अनेकांना जादा अटी घातल्या गेल्या. गोड बोलून नाकारण्याची कला या देशाला नवी नाही.

संविधानाचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे यांत भेदभावाला मनाई करते. संविधान सभेत बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, त्यात मोबदल्यात सेवा देणारे सारे येतात, असे समजावून सांगितले होते. आम्ही म्हणतो, दलाली घेऊन घर दाखवणारा एजंट हेही दुकान आहे. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा 'फक्त पारशी सभासद' हा नियम वैध ठरवला. त्या निकालाने जातीधर्माच्या वसाहतींना कायद्याची भिंत मिळाली. एकदा 'आमच्यासारखेच लोक हवेत' हे तत्त्व मान्य झाले की त्यात बौद्ध बसत नाही, मुसलमान बसत नाही, गे बसत नाही आणि कुबडीवाला तर जिन्यापाशीच थांबतो.

आता आपल्याच लोकांचे आक्षेप घेऊ. ते आम्ही सभांमध्ये ऐकले आहेत.

पहिला आक्षेप: हे शहरी, सवर्ण, श्रीमंतांचे चोचले आहेत. आम्ही विचारतो, २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग नोंदले गेले. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. गटार साफ करताना, ऊस तोडताना, वीटभट्टीवर, कारखान्यात हातपाय कुणाचे जातात? कुपोषणाने कुणाची मुले अधू होतात? अपंगत्व वरून खाली झिरपत नाही, ते आपल्याच दारात जास्त आहे. आणि समलिंगी मुले फक्त बंगल्यांतच जन्मतात असे मानणारा माणूस निसर्गाला जातीचा दाखला मागतो आहे. बंगल्यातल्या मुलाला वेगळी खोली असते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत आठ माणसांसोबत राहणाऱ्या, मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक संडासापर्यंत कुणाच्या तरी आधाराने जाणाऱ्या मुलाला काय असते? हा प्रश्न चोचल्यांचा असेल तर मग घर हाच चोचला म्हणा.

दुसरा आक्षेप: आधी जातीचा प्रश्न सोडवू, मग हे बघू. १९१६ साली बाबासाहेबांनी जातीवरचा आपला निबंध वाचला. जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न हा आहे, आणि तो टिकवण्यासाठी बाईच्या शरीरावर पहारा बसवला गेला, हे त्यांनी उलगडून दाखवले. 'लग्न झालं की या, नक्की देतो' हे एजंटचे वाक्य त्याच पहाऱ्यातले आहे. घरभाड्याचा करार जणू लग्नपत्रिकेला जोडलेला आहे. ज्याने जातीत लग्न केले त्याला चावी, ज्याने नाही केले त्याला रस्ता. आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यालाही हेच कुलूप आडवे येते. आमचा बौद्ध मित्र आणि त्याचा ओबीसी जोडीदार एकत्र राहतात, तेव्हा ते जात मोडतच असतात. तुम्ही त्यांना कुठल्या रांगेत उभे करणार आहात?

तिसरा आक्षेप: अशा लोकांसाठी संस्था आहेत, आश्रम आहेत. आहेत ना! बाई एका इमारतीत, पुरुष दुसऱ्या, रात्री नऊला दिवे बंद, भेटायला फक्त 'नातेवाईक'. संस्थेत अपंगाला जेवण मिळते, जोडीदार मिळत नाही. अपंग माणसाला कामवासना नसते, असलीच तर ती दडपावी, ही समजूत तिथल्या भिंतींतच बांधलेली असते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. तो कायदा लैंगिक कलावरून भेदभावालाही मनाई करतो. एक कायदा हे मान्य करतो, मग घरांच्या कायद्यांना काय झाले?

आमचा राग फक्त सरकारवर आणि समाजावर नाही. समलिंगींच्या मोठ्या चळवळीने विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात नेला. चांगले केले. पण तिच्या किती बैठका लिफ्ट नसलेल्या कॅफेच्या पहिल्या मजल्यावर होतात? किती कार्यक्रमांत सांकेतिक भाषेचा दुभाषी असतो? अपंगांच्या संघटना पेन्शन, बसपास, दाखले यांसाठी लढतात. पण अपंग माणूस कुणावर प्रेम करतो हा विषय निघाला की त्यांचेही पुढारी घड्याळ बघतात. तृतीयपंथी साथींनी २०१४ चा निकाल लढून मिळवला. २०१९ च्या कायद्यात, तो कितीही अपुरा असला तरी, घरातून बाहेर न काढले जाण्याचा हक्क आला, गरिमा गृहे आली. लेस्बियन, गे, बायसेक्शुअल माणसासाठी तेवढेही नाही. आणि आपण? आपल्या समाजमंदिरांना, विहारांना किती पायऱ्या आहेत, त्या मोजा. समता सांगणाऱ्या वास्तूत चढायला पाय लागत असतील तर आधी आपले दार नीट करू.

ही परंपरा आपल्याला नवी नाही, म्हणूनच आपल्याकडून अपेक्षा आहे. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. घराने टाकलेल्या, 'अब्रू' गेलेल्या ब्राह्मण विधवांना त्यांनी आसरा दिला, त्यांतल्याच एकीचे मूल दत्तक घेऊन यशवंत म्हणून वाढवले. रक्ताने नव्हे, निवडीने झालेले ते कुटुंब होते. २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने एका समलिंगी तरुणीच्या प्रकरणात 'निवडलेल्या कुटुंबा'ची कल्पना मान्य केली आणि कुटुंब उभारण्याचा लग्न हाच एक मार्ग नाही असे म्हटले. फुले दांपत्याने ते दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले होते.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, त्यामागे विचार हाच होता. शिकायचे असेल तर मुलाला आधी गावगाड्याबाहेर राहायला जागा हवी. आपल्या किती पिढ्या वसतिगृहांतून उभ्या राहिल्या, ते सांगायला नको. आणि तथागतांची ती गोष्ट आठवा. आजारी भिक्खू आपल्याच मळात पडलेला होता, कुणी बघत नव्हते. बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले आणि संघाला बजावले की इथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघायचे आहे. 'तुला बघणार कोण?' या प्रश्नाचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी दिले गेले आहे. सेवा ही रक्ताच्या नात्याची मक्तेदारी नाही.

सरकारला व्यक्तीच्या हातात पैसे देता येत नाहीत, हेही खोटे आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत. बापाच्या खात्यात नव्हे, भावाच्या खात्यात नव्हे. विद्यार्थ्याला जे देता येते ते अपंग प्रौढाला का देता येत नाही?

म्हणून आमच्या मागण्या:

१. म्हाडा, सिडको, झोपडपट्टी पुनर्वसन, प्रधानमंत्री आवास आणि रमाई आवास या सर्व योजनांत अविवाहित अपंग प्रौढाला स्वतंत्र लाभार्थी माना. अर्जात 'पती/पत्नी' या रकान्याजवळ 'सोबत राहणारी व्यक्ती' हा रकाना द्या. नाते विचारू नका.

२. कायद्याने ठरलेल्या ५ टक्के राखीव घरांपैकी तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली घरे आधी द्या, आणि घर अपंग व्यक्तीच्याच नावावर करा.

३. स्वाधारच्या धर्तीवर अपंग प्रौढांसाठी भाडे भत्ता सुरू करा. मदतनिसाचा पगार वेगळा द्या, आणि मदतनीस कोण हे अपंग व्यक्तीने ठरवावे. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांचा ५ टक्के अपंग निधी शिलाई यंत्रे वाटण्यात न घालवता यासाठी वापरा.

४. भाडे नियंत्रण कायदा आणि सहकार कायदा यांतल्या कुटुंबाच्या व्याख्येत सोबत राहणारा जोडीदार आणा. मुद्रांक शुल्काची २०० रुपयांची सवलत त्यालाही द्या.

५. जात, धर्म, लैंगिक कल, अपंगत्व, वैवाहिक स्थिती यांवरून घर नाकारणे हा दंडनीय अपराध करणारा कायदा राज्याने करावा. एजंट आणि सोसायटीचे पदाधिकारी दोघांनाही तो लागू असावा.

६. कुटुंबाने कोंडून ठेवलेल्या अपंग समलिंगी व्यक्तींसाठी प्रत्येक विभागात रॅम्प, दुभाषी आणि मदतनीस असलेली तात्पुरती निवारागृहे काढा. तिथे जोडीदाराला सोबत राहता आले पाहिजे.

या मागण्या मान्य होईपर्यंत गप्प बसायचे नाही, आणि हातावर हात ठेवूनही बसायचे नाही. जो समलिंगी आणि अपंग आहे त्याने मृत्युपत्र करावे, घर घेताना जोडीदाराचे नाव पहिल्या दिवसापासून करारात संयुक्तपणे घालावे. सोसायटीतले नामनिर्देशन पुरेसे नाही, नॉमिनी मालक होत नाही. मानसिक आरोग्य कायद्याखाली साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी म्हणून जोडीदाराला नेमता येते, तेही करून ठेवावे. आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली आहे त्यांनी पुढच्या वेळी 'फॅमिली आहे का?' हा प्रश्न गिळून टाकावा. बौद्ध घरमालकही तो विचारतात, हे आम्ही पाहिले आहे आणि आमची मान खाली गेली आहे.

ती दृष्टिहीन ताई अजून भावाच्याच घरात आहे. परवा शेजारणीच्या फोनवरून तिने आम्हाला विचारले, "दादा, एका खोलीला किती पावलं लागतात हो? दारापासून मोरीपर्यंत?" आम्ही म्हणालो, खोलीवर अवलंबून असते ताई. ती म्हणाली, "खोली बघा. पावलं मी मोजीन."

आम्ही खोली बघतो आहोत. तुमच्याकडे असेल तर कळवा. नसेल तर ती मिळेल असा कायदा करून घ्यायला आमच्यासोबत या.

जय भीम.